वीतभर दोर

भाग्यलक्ष्मीचे आभार मानायला गेलं की ती विषय बदलते. "काका, च्या घेणार काय?" म्हणते, नाहीतर माझ्या गुडघ्याची चौकशी करते. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकावं. लिहिलेलं तिला मधेच तोडता येणार नाही.

गोष्ट पंच्याण्णव सालच्या रामनवमीची. त्या वर्षी रामनवमी नेमकी रविवारी आली होती. मी तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होतो आणि पुण्याहून बदली होऊन बंगळूरला येऊन मला दीड वर्ष झालं होतं. घर यशवंतपूरला मिळालं. पहिले सहा महिने मी आणि संध्या, म्हणजे माझी बायको, एकमेकांवर डाफरत होतो. तिला डाफरायला कारण होतं. मला नव्हतं, पण माझा स्वभावच तसा आहे. पुण्यात रविवार उजाडला की मी सह्याद्रीत कुठल्यातरी कड्याला चिकटलेला असायचो. इथं रविवारी गॅलरीत बसून खालचे लोक स्कूटर कशा वाकड्या लावतात, यावर टीका करायचो. शेवटी संध्यानंच कुठूनतरी शोधून काढलं, की सातआठ जणांची एक मंडळी दर रविवारी रामनगरमच्या बाजूला खडक चढायला जाते. "जा बाबा एकदाचा," ती म्हणाली. हे ती प्रेमानं म्हणाली, असं मी धरून चालतो.

मंडळींचा म्होरक्या विश्वेश्वर. धारवाडचा, पस्तिशीचा, कधी आवाज न चढवणारा. आणि दुसरी ही भाग्यलक्ष्मी. निपाणीची, तेवीस वर्षांची, यशवंतपूरच्याच एका लहानशा कारखान्यात तपासणी खात्यात नोकरीला. दिवसभर यंत्राचे सुटे भाग मोजायचे आणि सुताएवढा फरक दिसला की बाजूला फेकायचे, हे तिचं काम. मराठी बोलणारे आम्ही तिघंच, त्यामुळे बसमध्येही एकत्र बसायचो. आणि मी चढताना दोर सांभाळायला बहुधा तीच असायची.

इथलं चढणं मला आधी पटलंच नाही. आम्ही पुण्याकडची जुनी माणसं. दोर सरळ कमरेला बांधायचा, खडकात खिळे ठोकत वर जायचं आणि संध्याकाळी जिवंत खाली आलो तर पिठलंभात खायचा. इथं बोल्ट आधीच ठोकून ठेवलेले. कमरेला पट्ट्यांचा हार्नेस. प्रत्येक बोल्टला आखूड पट्टीनं जोडलेल्या दोन कड्या लटकवलेल्या, वरची बोल्टात आणि खालच्या कडीत आपला दोर. चढत जायचं, एकेका कडीत दोर अडकवत जायचं. पडलात तर खालचा माणूस दोर धरतो, आणि आपण शेवटच्या कडीखाली लोंबकळतो. पन्नास फुटांचा खडक, पाच बोल्ट, माथ्यावर साखळी. साखळीशी पोचलं की दोरावर बसायचं, मग खालचा माणूस आपल्याला अलगद उतरवतो. "हे काय चढणं? हा तर जिना आहे," असं मी पहिल्या रविवारी सगळ्यांसमोर म्हणालो आणि त्याच जिन्यावर तीनदा पडलो.

मंडळींचा एक नियम होता. चढायच्या आधी दोघांनी एकमेकांना तपासायचं. चढणाऱ्याची गाठ दोर सांभाळणाऱ्यानं हातानं ओढून बघायची, आणि दोर सांभाळणाऱ्याच्या कमरेचं, दोर ज्यातून जातो आणि पडणाऱ्याला अडवतो ते यंत्र चढणाऱ्यानं. नुसतं बघून चालायचं नाही, हात लावायचा. पहिल्याच दिवशी भाग्यलक्ष्मीचा हात माझ्या गाठीकडे आला तसा मी मागे सरलो. म्हणालो, "तुझ्या जन्माच्या आधीपासून गाठी मारतोय मी." सगळे हसले. तीही हसली, पण कानापर्यंत लाल झाली. त्यानंतर ती दोन पावलांवर उभी राहून नुसतं विचारायची, "काका, झालं न्हवं?" आणि मी म्हणायचो, "झालं." बाकीच्यांच्या गाठी ती अशी ओढायची की माणूस पुढं झोकांडायचा. वडिलांच्या वयाच्या माणसाच्या कमरेला हात कसा घालायचा, हा तिचा संकोच. माझी गाठ कोण तपासणार, हा माझा ताठा. दोघांनी मिळून नियम गुंडाळून ठेवला आणि त्याला मानमर्यादा असं नाव दिलं.

रामनवमीच्या त्या सकाळी मी जरा इरेला पेटलो होतो. जानेवारीपासून एकाच वाटेवर माझं अडलं होतं. तिसऱ्या आणि चौथ्या बोल्टच्या मधे खडकाला पोट होतं, गुळगुळीत, बाहेर आलेलं. मंडळींच्या मते वाट मध्यमच, तरण्या पोरांना तिथं श्वाससुद्धा लागत नसे. मी मात्र दर वेळी त्या पोटावरून घसरायचो. आज ते पार करायचंच, असं मी घरून ठरवून आलो होतो. संध्यालाही सांगून आलो होतो, ही आणखी एक चूक.

खडकाच्या पायथ्याशी मारुतीचं लहानसं देऊळ आहे. आप्पाजी म्हणून तिथले म्हातारे पुजारी. रामनवमी म्हणून त्यांनी मोठ्या पातेल्यात पानक केलं होतं, गूळ, सुंठ, वेलची आणि लिंबू घालून, आणि भिजवलेल्या मूगडाळीची काकडी-खोबरं घातलेली कोसंबरी. खडकावर येणाऱ्या प्रत्येकाला ते स्वतः नेऊन देत होते.

मी तेव्हा गाठ बांधत होतो. ही गाठ दोन टप्प्यांत होते. आधी दोरात आठाच्या आकड्यासारखी एक सैल गाठ मारायची. मग दोराचं टोक हार्नेसमधून ओवून घ्यायचं आणि त्याच आठाच्या वाटेनं उलटं फिरवत परत आणायचं. गाठ पुरी झाली की दोराचे पदर दोन दोन, शेजारी शेजारी दिसतात. मी आठ मारला, टोक हार्नेसमधून ओवलं, आणि समोर आप्पाजी. एका हातात पेला, दुसऱ्यात पळसाच्या पानावर कोसंबरी. प्रसादाला थांबा म्हणता येत नाही. मी दोर सोडला, उजव्या हातात कोसंबरी घेतली, डाव्यात पेला. एप्रिलचं ऊन नऊलाच चटकत होतं आणि ते पानक असं गार, की मी दुसरा पेला मागून घेतला. आप्पाजी खूश झाले. मी हात धोतराला, चुकलो, पँटला पुसले, सदरा कमरेवरून खाली ओढला आणि खडकाशी गेलो.

"काका, झालं न्हवं?" भाग्यलक्ष्मीनं विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

खोटं बोललो नाही हो. मला खरंच वाटत होतं की झालं.

पहिला बोल्ट, दुसरा बोल्ट. त्या दिवशी अंग हलकं वाटत होतं. बोटं बरोबर खाचांत बसत होती, पाय जिथं ठेवीन तिथं राहत होते. विश्वेश्वर बाकीच्यांना घेऊन खडकाच्या पलीकडच्या बाजूला होता. खाली फक्त भाग्यलक्ष्मी आणि देवळाच्या पायरीवर आप्पाजी. तिसरा बोल्ट साधारण तीस फुटांवर आहे. तिथं पायाला टीचभर कपार आहे, उभं राहता येतं. मी हात उंचावून कडीत दोर अडकवला, दोन पावलं वर सरकलो. कडी कमरेशी आली. डोक्यावर ते पोट. श्वास घेतला आणि पहिल्या खाचेकडे हात नेला.

"काका, थांबा की जरा."

मी थांबलो. खाली पाहिलं तर दोर सैल सोडलेला, खाली गुंडाळी होईल इतका. दोर सांभाळणाऱ्यानं एवढा सैल दोर कधीच सोडायचा नसतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दोर कसा धरलायस तो? ओढ आत!"

"काका, चुकलं बघा माझं," ती म्हणाली. "यंत्रात दोर उलटा घातलाय मी. काढून परत घालायला पायजे. तवर तुमी त्या कडीत हार्नेस अडकवून घ्या."

आता तुम्हीच सांगा. तीन महिने ज्या जागेसाठी घालवले तिथं मी उभा, बोटं ताजी, आणि ही पोरगी म्हणते दोर उलटा. कडीला लटकणं म्हणजे माझ्या हिशेबी हरणंच. विसावा घेतला की ती चढाई धरायची नाही, हे मीच बाकीच्यांना ऐकवायचो. आणि मग मी सुरू झालो. ते सगळं इथं लिहायची मला लाज वाटते. तुला दोर कुणी दिला हातात, म्हणालो. कारखान्यात दुसऱ्यांचं काम नापास करतेस, स्वतःचं कधी बघतेस का, म्हणालो. उद्यापासून देवळात पानक वाटायला बस, असंही म्हणालो. आवाज एवढा, की आप्पाजी पायरीवरून उठून उभे राहिले.

"व्हय काका," ती म्हणत होती. "चुकलंच माझं. अडकवली काय कडी?"

"थांब, बोलतोय ना मी!"

"व्हय. बोला की. कडी तेवढी अडकवा."

आणि मी, बडबडत, एका हातानं खडक धरून, दुसऱ्या हातानं ती कडी ओढली आणि हार्नेसच्या पुढच्या फासात अडकवली. बडबडत होतो म्हणूनच अडकवली. तिची चूक निस्तरण्यात मला कमीपणा नव्हता, उलट रुबाब होता.

"खट्‌ वाजलं?"

"वाजलं! पुढं काय? जेवण पाठवतेस वर?"

"त्यावर बसा, काका. पुरतं बसा. वजन टाका."

मी वजन टाकलं. पट्टी ताणली, बोल्टनं मला धरलं. मी पुढचं वाक्य तोंडात जुळवत होतो, तेवढ्यात मला तिचा चेहरा दिसला. तो चुकलेल्या माणसाचा चेहरा नव्हता. ती ओठ घट्ट मिटून वर बघत होती, आणि तिनं मोकळ्या हातानं स्वतःच्या कमरेवर दोनदा थोपटलं.

मी सदरा वर केला.

दोर माझ्या हार्नेसमधून नुसता ओवलेला होता. बांधलेला कुठंच नव्हता. आठ खाली लोंबत होता आणि दोराचं टोक हळूहळू सरकत सरकत आता वीतभर उरलं होतं. हात उंचावताना सदरा वर सरकला तेव्हा तिला खालून तो आठ दिसला असणार, आणि ताणानं टोक निसटू नये म्हणूनच तिनं दोर सैल सोडला होता. मी ते पोट चढायला गेलो असतो तर घसरलो असतोच, दर वेळी घसरायचो तसाच. आणि खाली दोर सांभाळणारी कितीही हुशार असती तरी तिच्या हातात नुसता दोर उरला असता. पायथ्याशी सगळे धोंडे आहेत.

पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मघापासून मी जिच्यावर ओरडत होतो ती खालून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "घाई काय नाही, काका. तुमी पक्के अडकलाय. आता दोनी हातांनी नीट बांधा."

पस्तीस वर्षं गाठी मारणारा माणूस मी, चार वेळा चुकलो. पाचव्यांदा पदर दोन दोन शेजारी आले. मग मी सदरा छातीपर्यंत उचलून तिला गाठ दाखवली. माझं पोट त्या दिवशी रामनगरमच्या निम्म्या लोकांनी पाहिलं असेल. तिनं निरखून पाहिलं आणि मान हलवली. मी कडी सोडवली आणि ती मला इंचाइंचानं खाली घेत गेली.

पाय जमिनीला लागले आणि मी सरळ खाली बसलो. तोवर माझा आरडाओरडा ऐकून विश्वेश्वर सगळ्यांना घेऊन आला होता.

"काय झालं गे?" त्यानं तिला विचारलं.

ती खाली पडलेला दोर गोळा करत राहिली.

"यंत्रात दोर उलटा घातलीस म्हणे. पलीकडं ऐकू आलं आम्हाला." त्याचा आवाज चढला नव्हता, पण चेहरा कडक होता. "माणूस वर असताना असलं करालीस तू? आजपासून दोराला हात लावायचा नाही. पुन्हा पहिल्यापासून शीक, मग बघू."

"सरी, अण्णा," बरं अशा अर्थी ती कानडीत म्हणाली आणि कमरेचं यंत्र काढायला लागली.

खरं सांगतो, मी गप्प होतो. पाचसहा सेकंद असतील. तेवढ्या वेळात माझ्या मनात आलं, की कुणालाच कळणार नाही. ती सांगणार नाही हे मला स्वच्छ दिसत होतं. ती मला वर वाचवून थांबली नव्हती, खाली आल्यावरही माझी अब्रू झाकत होती. आणि मी, जो एरवी स्कूटर वाकडी लावली म्हणून गॅलरीतून ओरडतो, तो गप्प. त्या पाचसहा सेकंदांची लाज मला त्या वीतभर दोरापेक्षा जास्त वाटते.

"विश्वेश्वर," मी म्हणालो, "तिनं काही उलटं घातलं नव्हतं. माझी गाठ अर्धी होती."

मग सगळं सांगितलं. प्रसाद, पेला, सदरा, पहिल्या रविवारी मी तिचा हात कसा झिडकारला ते, सगळं. कुणी हसलं नाही. विश्वेश्वर तिला म्हणाला, "खरं का नाही सांगितलीस त्यांना, गाठ सुटलीय म्हणून?"

"कसं सांगू, अण्णा? गाठ सुटलीय म्हटल्यावर माणूस आधी गाठच धरतोय, दोनी हातांनी. खडक सोडला असता की त्यांनी." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि नुसतं कडीत अडका म्हटलं असतं तर ऐकलं नसतं. माझं चुकलं म्हटल्यावर ऐकतील, एवढं ठाऊक होतं."

वर्षभर मी त्या पोरीला चढणं शिकवतो आहे, अशी माझी समजूत होती. तिनं मला आतून-बाहेरून मोजून ठेवलं होतं, आणि तरी फेकलं नव्हतं. माझ्या रागाचा दोर करून तिनं मला खाली आणलं. मी तिच्यासमोर हात जोडले. वयानं मोठा म्हणून काही मनात आलं नाही. ती एवढी गडबडली की दोन पावलं मागं गेली. "असलं काय करू नका हो काका," म्हणाली आणि मग तोंड फिरवून रडली. म्हणाली, तपासायची जबाबदारी माझी होती, मी संकोच केला. मी म्हटलं, तो संकोच तुला मी शिकवला.

विश्वेश्वरनं तिचा दोर परत तिच्या हाती दिला. मला म्हणाला, "तुम्ही घरी जाऊन विश्रांती घ्या हवं तर."

"नाही," मी म्हणालो. "आज घरी गेलो तर परत येणार नाही."

तासाभरानं मी उठलो. मी गाठ बांधली. आठ, टोक हार्नेसमधून, त्याच वाटेनं परत. सदरा पँटमध्ये खोचला. मग तिच्यासमोर जाऊन दोन्ही हात वर केले आणि उभा राहिलो. सगळे बघत होते. तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि गाठीत बोटं घातली. एकेक पदर मोजला, मग असा हिसका दिला की मी पुढं झोकांडलो.

"सोडा," ती म्हणाली.

"का? बरोबर आहे की."

"बरोबर हाय. सोडा आणि परत बांधा. मी बघतो."

निपाणीकडच्या बायका 'बघतो' म्हणतात. एरवी मी त्यावरून तिला चिडवलं असतं. मी मुकाट्यानं गाठ सोडली आणि तिच्या नजरेखाली पुन्हा बांधली, पहिलीतल्या मुलानं पाटी दाखवावी तशी. तिनं पुन्हा पदर मोजले, पुन्हा हिसका दिला. मग मी वाकून तिचं यंत्र तपासलं. आजवर तेही मी कधी केलं नव्हतं.

खडकाच्या पोटावर मी घसरलो. दोनदा. दोन्ही वेळा दोर ताणला आणि मी तिसऱ्या कडीखाली लोंबकळलो, धडधाकट. तिसऱ्यांदा डावा पाय कुठं ठेवायचा ते तिनं खालून सांगितलं. मी ऐकलं, आणि वर गेलो. चौथा बोल्ट, पाचवा बोल्ट, साखळी. साखळीच्या कडीत दोर अडकवला. वरून सगळा माळ दिसत होता आणि उन्हात आमची बस उभी राहायची ती वळणाची जागा.

आता दोरावर बसायचं होतं. खडक सोडायचा आणि मागं रेलायचं. मला ते जमेना. बोटं साखळीवरून सुटेनात.

"काका," खालून तिचा आवाज आला, "गाठ मी बघितलीय. दोर माझ्या हातात हाय. बसा."

मी दोन्ही हात सोडले आणि बसलो.